पहिला अंक काढायचाय? छोट्या वाङ्मयीन अनियतकालिकासाठी मार्गदर्शक

कथा, कविता आणि चित्रं छापणारं स्वतःचं एखादं छोटं नियतकालिक काढावं, अशी इच्छा असलेली चार-दोन मंडळी आपल्याकडे तालुक्याच्या गावातही सापडतात. त्यातल्या बहुतेकांचं घोडं नावावर नाहीतर पैशांवर अडतं. ही दोन्ही कामं पुढे होतात, फार जड जात नाहीत. त्याआधी एका गोष्टीचा हिशेब मांडा. आलेला प्रत्येक मजकूर वाचून, तो पाठवणाऱ्याला नीट उत्तर द्यायला महिन्याला तुमच्याजवळ किती वेळ आहे? माझ्या मते छोटं वाङ्मयीन मासिक म्हणजे मुळात हा पत्रव्यवहार, आणि छापलेला अंक हे त्याचं फळ. म्हणून पानं किती, प्रती किती, वर्षाला अंक किती, हे सगळं या वेळेच्या मापाने ठरवायचं.

अनियतकालिक की त्रैमासिक?

सुरुवात अनियतकालिकापासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. मराठीत त्याची भरभक्कम परंपरा आहे. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून स्वस्तात प्रती काढून. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’, राजा ढाले यांचं ‘येरू’ अशी एकेक अनियतकालिकं निघाली. त्यांच्याकडे ना जाहिराती होत्या, ना मोठा खप. तरी त्या थोड्या पानांनी मराठी कवितेला आणि गद्याला वेगळं वळण लावलं. मजकूर जमला की अंक काढायचा, नाही जमला तर थांबायचं, ही मोकळीक त्यांनी घेतली होती. नवख्या संपादकाला तीच सगळ्यात उपयोगी पडते. तारीख गाठण्यासाठी भरताड मजकूर छापावा लागत नाही.

कायद्याचं थोडं समजून घ्या. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ठरावीक कालावधीने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं प्रकाशन, अशी त्यात नियतकालिकाची व्याख्या आहे. तुम्ही ‘त्रैमासिक’ म्हणून नियमित निघणार असाल आणि चालू घडामोडींवरही लिहिणार असाल, तर नोंदणी करून घ्या. शीर्षक आणि नोंदणी यांसाठी आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच अर्ज करता येतो. अनियतकालिकं बहुधा नोंदणीच्या वाटेला जात नाहीत. काहीही ठरवलं तरी संपादक, प्रकाशक, मुद्रक यांची नावं आणि प्रकाशनस्थळ प्रत्येक अंकावर छापाच. जबाबदारी कोणाची, हे वाचकाला कळलं पाहिजे.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून विनाशुल्क मिळतो. पण तो घेतला की कथा-कवितांपेक्षा प्राध्यापकांनी पदोन्नतीसाठी लिहिलेले शोधनिबंध जास्त येऊ लागतात. पहिले दोन-तीन अंक त्याच्याविना काढायला काहीच हरकत नाही.

दिवाळीत काढू नका

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला दिवाळीत वाचायची सवय लागली ती आजतागायत. म्हणूनच तुमचा पहिला अंक तेव्हा नको. शेकडो अंकांच्या गठ्ठ्यात तो दिसणारही नाही. गणपतीपासून छापखाने तुंबलेले असतात, चांगले चित्रकार महिनोन्‌महिने आधी बांधले गेलेले असतात आणि नावाजलेले लेखक चार-चार संपादकांचे तगादे झेलत असतात. फेब्रुवारी-मार्च बरा. संमेलनं नुकतीच झालेली असतात, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त २७ फेब्रुवारीच्या आसपास वाचनालयांत आणि कॉलेजांत कार्यक्रम असतात, आणि छापखानेवाला तुमच्याशी निवांत दोन शब्द बोलू शकतो.

आवाहन लिहिताना

‘दर्जेदार साहित्य पाठवावे’ असं लिहिलं तर कोणाला काहीच कळत नाही. तुम्हाला काय हवंय ते नेमकं सांगा. कथा किती शब्दांपर्यंत, एका वेळी किती कविता, अनुवाद चालतील का, मजकूर कधीपर्यंत पाठवायचा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल. फेसबुकवर टाकलेली कविता तुम्ही प्रकाशित धरता की अप्रकाशित, हेही आधीच लिहा. यावरून फार गैरसमज होतात. माझं मत विचाराल तर चालवून घ्या. कवितेचे पहिले वाचक आता तिथेच भेटतात. मजकूर लेखकाने स्वतः लिहिलेला हवा, संगणकाकडून लिहून घेतलेला नको, हे वाक्य आता आवाहनात असावंच लागतं.

मजकूर युनिकोडमध्ये मागा, पण हाताने लिहिणाऱ्यांसाठी दार बंद करू नका. वहीच्या पानावर उत्तम कथा लिहिणारी माणसं अजून आहेत. गटातल्या एकाने टाइप करायची जबाबदारी घेतली की झालं.

आवाहन फिरवलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पहिल्या अंकासाठी निम्मा मजकूर तुम्हाला जाऊन मागावा लागतो. ज्यांचं लेखन तुम्हाला मनापासून आवडतं अशा दहा जणांची यादी करा आणि प्रत्येकाला, त्यांचं काय वाचलं आणि काय भावलं ते लिहून, स्वतंत्र पत्र पाठवा. पाच-सहा जण तरी उत्तर देतात. यादीत एकाच शहराची, एकाच कंपूची नावं येत असतील तर थांबून पुन्हा विचार करा. धुळ्यासारख्या ठिकाणाहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून ‘कवितारती’ चालवलं, गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवलं, आणि त्याही आधी चाळीसच्या दशकात बडोद्याहून ‘अभिरुची’ निघत होतं. मराठी लेखन पुण्या-मुंबईबाहेर भरपूर होतं, गोव्यात, बेळगावात, इंदुरातही होतं. तिथवर तुमचं पत्र पोचलं पाहिजे.

वाचणं, निवडणं, उत्तर देणं

इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला. किमान दोघांनी प्रत्येक मजकूर स्वतंत्रपणे वाचावा, शक्य तर लेखकाचं नाव झाकून. वाचताना समासात खुणा करा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात पडणाऱ्या कथा पुष्कळ असतात, आणि पहिल्यांदा साध्या वाटलेल्या एखाद्या कवितेची ओळ दुसऱ्या दिवशी डोक्यात घोळत राहते. दोघांचं एकमत होईना तर मधला मार्ग काढू नका. ज्याला मजकूर फार आवडलाय त्याने तो का घ्यायचा ते बोलून पटवावं. सगळ्यांना ‘बरं’ वाटलेल्या मजकुरापेक्षा एकाला जीव तोडून आवडलेला मजकूर अंकाला जास्त देतो.

आता संपादन. समजा एका कथेत असा भाग आला:

‘तो एसटीतून उतरला. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. कँटीनवाला उलट्या केलेल्या खुर्च्यांवर फडकं मारत होता. त्याला खूप एकटं एकटं वाटलं.’

पहिल्या तीन वाक्यांनी काम केलेलं आहे. चौथं वाक्य तेच पुन्हा सांगतं, आणि वर ‘त्याला’ म्हणजे उतरलेल्याला की कँटीनवाल्याला, हा घोळ होतो. हे वाक्य तुम्ही परस्पर उडवायचं नाही. लेखकाला लिहायचं: ‘खुर्च्यांपाशीच एकटेपण पोचतं. पुढचं वाक्य काढून एकदा वाचून पाहाल का?’ लेखक नाही म्हणाला तर ते वाक्य राहतं. कथा त्याची आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’साठी लेखकांना तपशीलवार पत्रं लिहीत, कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत. त्या मासिकाच्या एकूण धोरणावर अनियतकालिकवाल्यांचा राग होता, १९६९ साली त्यांनी अंकाची होळीही केली. तरीही इतक्या बारकाईने लेखकाशी बोलणं हा वारसा दोन्ही बाजूंनी घेण्यासारखा आहे.

बोलीला हात लावताना फार जपा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी संवादातल्या ‘व्हतं’चं ‘होतं’ करणारा संपादक कथेतल्या माणसाची जीभच कापतो. निवेदनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम पाळा. संवादात लेखकाच्या कानावर भरवसा ठेवा आणि शंका आली तर त्यालाच फोन करा.

साभार परत करण्याचं पत्र लिहायला शिकणं ही संपादकाची खरी उमेदवारी. ‘आपले साहित्य आमच्या धोरणात बसत नाही’ हे वाक्य कधीही वापरू नका. त्यापेक्षा असं काही लिहा:

‘तुमच्या तीनही कविता वाचल्या. पाणी लागल्यावर सगळे एकदम गप्प होतात, तो बोअरवेलच्या कवितेतला भाग लक्षात राहिला. शेवटच्या चार ओळींत कविता स्वतःचाच अर्थ सांगू लागते, तिथे आम्ही अडखळलो. या अंकासाठी कविता घेत नाही आहोत. नवीन काही लिहिलंत की जरूर पाठवा.’

पाच ओळी पुरतात. त्यात एक गोष्ट तुम्ही खरोखर वाचल्याची खूण असावी आणि नकार स्पष्ट असावा. ‘बघू, कळवतो’ म्हणून लटकवून ठेवणं सगळ्यात वाईट. आणि शेवटचं वाक्य मनात असेल तरच लिहा. ज्याला पुन्हा बोलवायचं नाही त्याला खोटी आशा लावू नका. सगळ्यांना इतकं लिहिणं जमत नसेल तर मजकूर घेण्याची मुदत कमी करा, पण उत्तरं कमी करू नका.

हक्क आणि मानधन

मजकूर स्वीकारल्याचं कळवताना तुम्ही कोणता हक्क घेताय ते त्याच ईमेलमध्ये लिहा. छोट्या अंकाला फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क पुरतो, बाकी सगळे लेखकाकडे. लेखी काही ठरलं तर मुदतही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, हक्क लेखी देताना मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. अनुवाद छापताना मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी अनुवादकाने आणलीच पाहिजे. हक्क लेखकाच्या निधनानंतरही साठ वर्षं चालतो, त्यामुळे ‘ते तर कधीच गेले’ ही सबब चालत नाही.

मानधन थोडं का होईना द्या. निदान लेखकाला आणि चित्रकाराला दोन-दोन प्रती पोस्टाने घरपोच गेल्याच पाहिजेत. लेखकाकडून छपाईसाठी पैसे घ्यायचे नाहीत, ‘सहयोग निधी’ म्हणूनही नाही.

चित्रं

चित्रकाराला सगळ्यात शेवटी फोन करून ‘या रिकाम्या जागेत काहीतरी टाकून द्या’ म्हणायची आपल्याकडे वाईट खोड आहे. ज्या भाषेत दीनानाथ दलालांसारखा चित्रकार स्वतः ‘दीपावली’चा संपादक होता, तिथे हे शोभत नाही. कथा पक्की झाली की ती चित्रकाराला वाचायला द्या, काय काढायचं ते सांगू नका. किंवा चित्रांना स्वतंत्र चार-आठ पानं द्या, त्यांच्याभोवती मजकुराची गर्दी नको.

आतली पानं एकरंगी असतील तर शाईची रेखाटनं आणि छापचित्रं उत्तम उठतात. जलरंगाचं करडं रूपांतर बहुतेक वेळा चिखल होतं. मूळ चित्र सपाट स्कॅनरवर प्रत्यक्ष छपाईच्या आकारात किमान ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), रेखाटन असेल तर ६०० ने स्कॅन करून घ्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत कडेला सावली येते आणि कागदाचा पांढरेपणा छपाईत मळकट दिसतो.

जुळणी आणि प्रूफं

पानं जुळवायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर असेल तर देवनागरीसाठी त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पैसे वाचवायचे असतील तर स्क्रायबस फुकट आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट चालते. फाँट निवडताना ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत ना, ते पाहा. तिरो देवनागरी मराठी किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे दोन्ही विनामूल्य आहेत आणि सलग गद्याला शोभतात.

जुन्या लेखकांचा मजकूर अनेकदा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये येतो आणि तो युनिकोडमध्ये बदलताना खास मराठी अक्षरं मार खातात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरातली कथा थेट समुद्रावर जाते, आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस काहीच बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचंही तेच. म्हणून रूपांतरित मजकुरातला प्रत्येक ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ शोधून डोळ्यांनी तपासा.

कवितेला स्वतंत्र पान द्या. ओळ रुंदीत मावत नसेल तर अक्षर अर्धा पॉइंट लहान करा, पण ओळ मोडू नका. मोडावीच लागली तर खालचा तुकडा स्पष्ट आत सरकवा, म्हणजे तो नवी ओळ वाटणार नाही. दोन पानांवर जाणारी कविता समोरासमोरच्या पानांवर यावी आणि पान कडव्याच्या मध्ये तुटू नये. ओळीनंतरची मोकळी जागा हाही कवीने लिहिलेला मजकूर आहे, इतक्या गांभीर्याने हे बघा. अंतिम पानं पीडीएफमध्ये कवीला पाठवून होकार घ्या. तुमची शेवटची प्रूफं मात्र कागदावर काढून वाचा, आणि जुळणी करणाऱ्यानेच ती वाचू नयेत.

छपाईचा हिशेब

डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच) सोयीचा. या आकारात एका फॉर्मची, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका मोठ्या कागदाची, सोळा पानं होतात, म्हणून पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत ठेवा. पहिल्या अंकाला चौसष्ट पानं भरपूर झाली. चार फॉर्म, म्हणजे एका प्रतीला अठरा बाय तेवीस इंचांचे चार कागद. तीनशे प्रतींना बाराशे कागद, पाचशेच्या रिमांच्या हिशेबाने जवळजवळ अडीच रिमं, शिवाय छपाईत वाया जाणारा कागद. आत ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) किंचित पिवळसर, नॅचरल शेड कागद घ्या, त्यावर अक्षर डोळ्यांना शांत वाटतं. मुखपृष्ठाला २५० जीएसएम कार्ड. चौसष्ट पानांना मधोमध पिना मारलेली बांधणी पुरते. पाठीला डिंक लावलेली बांधणी इतक्या बारीक अंकाला नको, पानं सुटतात.

तीनशेच्या आसपास प्रती असतील तर ऑफसेट आणि डिजिटल दोन्हींची कोटेशनं मागा आणि छापखान्यात जाऊन त्यांनी छापलेलं एखादं काम हातात घेऊन पाहा. काळ्या शाईचा ठसा पानभर सारखा आहे का, पानाची मागची बाजू आरपार दिसते का, कटिंग सरळ आहे का.

किंमत ठरवताना एकूण खर्चाला तीनशेने भागू नका. लेखक, चित्रकार, ग्रंथालयं, परीक्षणं आणि अदलाबदलीचे अंक यांत पन्नास-साठ प्रती सहज जातात. म्हणजे भागायचं ते दोनशे चाळीसने. पुस्तकविक्रेत्याकडे ठेवणार असाल तर त्याचं कमिशन साधारण तीस-चाळीस टक्के धरा. हा हिशेब करून आलेली किंमत जास्त वाटली तर पानं कमी करा.

वाचकापर्यंत

आजीव वर्गणी घेऊ नका. मासिक किती चालेल हे माहीत नसताना आयुष्यभराचं वचन देणं बरं नाही, आणि पहिल्या वर्षी आलेला तो पैसा पहिल्याच वर्षी संपतो. त्यापेक्षा एका अंकाची किंमत आगाऊ घ्या. यूपीआयमुळे ते सोपं झालंय. शंभर जणांनी आगाऊ पैसे भरले की मगच छपाईला द्या.

वर सांगितलेल्या अंकाचं वजन मुखपृष्ठासकट ऐंशी-नव्वद ग्रॅम भरतं, पाकिटासह शंभराच्या आसपास. एक प्रत पाकिटात घालून पोस्टात वजन करून घ्या आणि मगच टपालखर्च जाहीर करा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे जुन्या दरांवर विसंबू नका. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा स्वस्त आहे, पण ती पुस्तकांसाठी. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेले अंक तिच्यात बसत नाहीत.

गावातल्या वाचनालयात तासाभराचं अभिवाचन ठेवा. हारतुरे, प्रमुख पाहुणे, भाषणं काही नको. दोन कवींनी कविता वाचाव्यात, एकाने कथा वाचावी आणि टेबलावर अंक मांडलेले असावेत. कॉलेजांच्या मराठी विभागांना एकेक प्रत पाठवा, आणि त्यासोबत त्या अंकातली कोणती कथा विद्यार्थ्यांपुढे वाचता येईल ते दोन ओळींत लिहा.

अंक छापून आल्या आल्या दहा प्रती वेगळ्या काढून ठेवा. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय इथे पाठवायची असतात. त्याबरोबर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद इथेही एकेक प्रत द्या. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांचे अंक आज अभ्यासकांना घरोघरी हिंडून शोधावे लागतात. उरलेल्या प्रती कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये न गुंडाळता, आडव्या ठेवा. आणि अंक पोस्टात पडेपर्यंत ईमेलमध्ये नवा मजकूर येऊन पडलेला असेल, तो पाठवणाऱ्यांना मिळाल्याची पोच त्याच आठवड्यात द्या.